दोन बादल्या पाच मिनिटांत जिरल्या, म्हणून शोषखड्डा चालेलच असे नाही

प्रश्न पारोळा तालुक्यातला आहे. गावाबाहेरच्या ले-आउटमध्ये ३० बाय ५० चा प्लॉट, घरात पाच माणसे. वर पाचेक फूट काळी माती, खाली मुरूम. मागच्या कोपऱ्यात बोअर, पिण्याचे पाणी त्याचेच. गटार अजून आलेली नाही, म्हणून संडासाच्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात, म्हणजे ते जमिनीत जिरवणाऱ्या खड्ड्यात, सोडायचे आहे. मिस्त्रीने मे महिन्यात तीन फुटांचा खड्डा खणून दोन बादल्या पाणी ओतले, ते पाच मिनिटांत गडप झाले. ‘जमीन एक नंबर आहे, सहा फुटांचा शोषखड्डा घेऊन टाकू,’ असे तो म्हणतो. विचारणाऱ्या भाऊंना एवढेच हवे आहे, की खड्डा सहा फूट पुरेल की आठ फूट घ्यावा.

भाऊ, खोलीचे नंतर पाहू. मिस्त्रीने जी चाचणी घेतली ती जमिनीची झालीच नाही, भेगांची झाली.

आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मे महिन्यात कोणत्याही वावरात हात घालून पाहा, कोपरापर्यंत जाईल अशा भेगा सापडतील, खाली त्या तीन-चार फुटांपर्यंतही उतरतात. तुमच्या दोन बादल्या त्या भेगांत गेल्या. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात नाला वाहत नाही, कारण पाणी भेगा पितात, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आणि त्याच वावरात श्रावणात पाय घोट्यापर्यंत रुततो, सऱ्यांत पाणी उभे राहते. तुमचा शोषखड्डा बारा महिने श्रावणात असणार आहे. त्यात रोज पाणी पडणार, म्हणजे त्याच्या भोवतालची माती कायमची फुगलेली राहणार. तेव्हा मोजायची ती फुगलेली माती.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, मार खाऊन सांगतो. नोकरी सोडून स्वतःची कामे घ्यायला लागलो त्या सुरुवातीच्या वर्षांत अमळनेरकडे एका घराचे काम केले. उन्हाळा, घाई, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत ठरलेली. पाणी ओतले, जिरले, चार फूट व्यासाचा खड्डा विटांचे रोडे भरून बुजवला. पोळ्याच्या दिवशी घरमालक दारात उभे: ‘अप्पा, संडास उलटा येऊ राहिला.’ पुरणपोळीचे ताट बाजूला सारून गेलो. खड्डा उघडला तर रांजणासारखा काठोकाठ भरलेला, आणि रोडे काढल्यावर भिंतीची माती साबणासारखी गुळगुळीत. दुसरा खड्डा माझ्या खर्चाने मुरमात नेला. तेव्हापासून पहिल्या दिवशी ओतलेल्या पाण्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आता चाचणी कशी घ्यायची ते. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २४७० हे सेप्टिक टाकीचे मानक आहे (गावात सगळे ‘सेफ्टी टँक’ म्हणतात, मीही बोलताना तेच म्हणतो). त्याचा १९८५ चा दुसरा भाग टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काय करायचे हे सांगतो. जिरवण चाचणी त्यातच दिली आहे, आणि तिला एक पैशाचेही यंत्र लागत नाही. टिकाव, पहार, मोजपट्टी, घड्याळ आणि दोन दिवसांचा धीर एवढे पुरते. धीरच मिळत नाही, ही अडचण.

पण त्याआधी जेसीबीने, नाहीतर माणसे लावून, एक मोठा खड्डा आठ फुटांपर्यंत घ्या आणि त्यात उतरून भिंत नीट पाहा. (काठ ढासळता असेल तर उतरू नका, वरूनच पाहा.) काळी माती किती फुटांवर संपते, तिच्यात चुनखडीचे खडे आहेत का, खाली कुजका पिवळसर मुरूम आहे की टिकावाला ठिणगी देणारा घट्ट. मातीत राखाडी पट्टे आणि तांबूस गंजाचे ठिपके दिसले तर पावसाळ्यात पाणी तिथपर्यंत चढते असे समजा, मग मे महिन्यात ती जागा कितीही कोरडी दिसो. शेजारच्या विहिरीची पातळी सप्टेंबर-ऑक्टोबरात किती असते ते विहीरवाल्याला विचारा. त्याला बरोबर आठवते. पावसाळ्यानंतर पाणी जमिनीपासून १.८ मीटरच्या, म्हणजे सहा फुटांच्या आत येत असेल, तर मानक जमिनीखालचा खड्डा चालवून घेत नाही. मग चर, म्हणजे पाणी जिरवायच्या लांब उथळ नाल्या, जमिनीवर मातीचा उंचवटा करून त्यात घ्यावे लागतात.

मातीचा एक गोळा ओला करून तळहातावर वळून पाहा. सुतळीसारखी लांब वळी न तुटता झाली तर चिकणमाती भरपूर आहे. वळी होतच नसेल, हातात रवा लागत असेल, तर रेताड. ही चाचणी नव्हे, पण पुढे काय निघणार याचा अंदाज येतो.

आता जिरवणीचे भोक. खड्डा किंवा चर ज्या खोलीवर काम करणार आहे त्या खोलीवर १०० ते ३०० मिलिमीटर रुंदीचे, उभ्या बाजूंचे भोक घ्यायचे. तुमच्या प्लॉटवर मी निदान चार घेईन: दोन काळ्या मातीत तीन फुटांवर, दोन मुरमात सात फुटांवर, आणि तीही एकमेकांपासून लांब. एका भोकावर निर्णय घेऊ नका, खालचा थर चार पावलांवर बदललेला मी पाहिला आहे. ओल्या चिकणमातीत फावड्याचा किंवा बकेटचा पत्रा फिरला की भिंतीला लेप बसतो आणि चाचणी उगाच नापास होते, म्हणून बाजू आणि तळ टोकदार सळईने खरवडायचे. सुटी माती काढायची, तळाला ५० मिलिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी टाकायची. मग खडीच्या वर निदान ३०० मिलिमीटर पाणी भरायचे आणि घरी जायचे.

मोजमाप पाणी पहिल्यांदा ओतल्यापासून २४ तासांनी. हे वाक्य मिस्त्रीला दोनदा वाचून दाखवा. मानकाने हे २४ तास माती फुगायलाच दिले आहेत. माझा स्वतःचा नियम याहून कडक आहे: एप्रिल-मे मध्ये काळ्या मातीत चाचणी घेतली तर मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ भोक भरून ठेवतो, कारण खोल भेगा एका रात्रीत मिटत नाहीत. खरी चाचणी गणपती ते दसऱ्याच्या दरम्यान. तेव्हा माती फुगलेली असते आणि भूजलही वर आलेले असते.

दुसऱ्या दिवशी भोकात पाणी शिल्लक असेल तर ते खडीच्या वर १५० मिलिमीटर राहील एवढे करायचे आणि काठावर एक आडवी पट्टी ठेवून, तिच्यापासून मोजत, अर्ध्या तासात किती उतरते ते पाहायचे. पाणी शिल्लक नसेल तर १५० मिलिमीटर भरून दर अर्ध्या तासाला उतार मोजायचा, लागेल तसे पुन्हा भरायचे, असे चार तास. धरायचा आकडा शेवटच्या अर्ध्या तासाचा. रेताड जमिनीत १५० मिलिमीटर पाणी अर्ध्या तासाच्या आतच संपत असेल तर दहा-दहा मिनिटांनी एक तास मोजायचे आणि शेवटच्या दहा मिनिटांचा आकडा घ्यायचा. नंतर त्रैराशिक: २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागली असती? तोच जिरवण दर.

उदाहरण करू. शेवटच्या अर्ध्या तासात पाणी ५० मिलिमीटर उतरले, तर दर १५ मिनिटे. २० मिलिमीटर उतरले तर साडेसदतीस. काळ्या मातीत भिजवल्यानंतर ६ मिलिमीटर उतरले तर सव्वाशे मिनिटे. मानक म्हणते, ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा किंवा चर, दोन्ही चालतील. ३० च्या पुढे शोषखड्डा नको. ६० च्या पुढे जमिनीत जिरवण्याची कोणतीच पद्धत नको. आपली खोल काळी जमीन नीट भिजवून मोजली की बहुतेकदा ६० च्या पलीकडेच पडते. म्हणून तुमच्या खड्ड्यात काळ्या मातीतली पाच फूट भिंत मी हिशोबात शून्य धरतो. सहा फुटांचा खड्डा घेतला तर कामाची भिंत एक फूट. आता कळेल, सहा की आठ या प्रश्नाला मी आधी हात का घातला नाही.

दर कळला की आकार. एक चौरस मीटरला दिवसाला किती लिटर द्यायचे, तर २०४ भागिले दराचे वर्गमूळ. दर १५ असेल तर साधारण ५२ लिटर, ३० असेल तर ३७. पाच माणसांचे फक्त संडासाचे पाणी दिवसाला २०० लिटर धरू. दर १५ ला पावणेचार चौरस मीटर भिंत लागते. चार फूट व्यासाच्या खड्ड्याचा घेर सुमारे पावणेचार मीटर, म्हणजे टाकीकडून येणाऱ्या नळीच्या तोंडाखाली मुरमात एक मीटर भिंत मिळाली की जमले. शोषखड्ड्यात बाजूची भिंतच मोजतात, तळ नाही, कारण तळ गाळाने आधी बसतो. पण मोरी, अंघोळ, धुणे सगळे त्याच टाकीत सोडलेत आणि माणशी १३५ लिटरच्या हिशोबाने पावणेसातशे लिटर झाले, तर तोच खड्डा मुरमात साडेतीन मीटर खोल लागेल. म्हणून संडासाचे पाणी वेगळे आणि मोरीचे वेगळे. मोरीचे पाणी जाळी आणि गाळकुंडीतून केळी, कर्दळ, आळूकडे काढा. आपल्याकडे परसात चार केळी कुणाच्या नसतात?

एक शंका येईल. जिरवण दर १५ मिनिटे म्हणजे तासाला १०० मिलिमीटर, दिवसाला एका चौरस मीटरमधून २४०० लिटर. मग मानक ५२ च का देते? कारण चाचणीचे पाणी स्वच्छ असते. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बारीक मैला आणि जंतू असतात, ते भिंतीवर काळी बुळबुळीत साय धरतात. वर्षभराने पाणी मातीतून नव्हे, त्या सायीतून पाझरते. तिचा वेग फारच कमी. ही साय वाईट नाही, गाळण्याचे बरेच काम तीच करते. पण तिच्यासाठी भिंत जास्त लागते, आणि टाकी वेळेवर उपसली नाही तर घट्ट मैलाच खड्ड्यात येऊन सगळे बंद पडते. दोन-तीन वर्षांनी उपसा करा, तोही सक्शनच्या गाडीने. टाकीत माणूस उतरवायचा नाही. सुरक्षा-साधनांशिवाय उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहेच, आणि आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही.

हळू जिरणाऱ्या जमिनीबद्दल सगळे बोलतात. फार पटकन जिरणारी जमीन मला जास्त भीती घालते. धुळे, साक्री, पारोळा या पट्ट्यात खाली काळा पाषाण आहे, ज्वालामुखीचा थरावर थर. मुरूम म्हणजे त्याचाच कुजलेला माथा. त्या दगडाला सांधे असतात, आणि मुरमात घेतलेले भोक एखाद्या सांध्यावर बसले की पाणी ओताल तेवढे जाते. एकदा धुळे तालुक्यात बाजूला उभे असलेले नाना खूश होऊन म्हणाले, ‘दादा, आठे पानी टिकसच नही!’ (इथे पाणी टिकतच नाही.) मी त्यांना चाळीस पावलांवरची त्यांची विहीर दाखवली. माती पाणी गाळते, भेग गाळत नाही, फक्त पोचवते. भेगाळ खडकात शोषखड्डा नको असे मानकही सांगते. माझ्या हिशोबात २५ मिलिमीटरला दोन मिनिटांहून कमी वेळ लागला आणि जवळ विहीर-बोअर असेल, तर ती जागा नापास. धुळे-नंदुरबारकडे डाइकही खूप. माळावर भिंतीसारखी लांबच लांब काळ्या दगडांची रांग दिसते ना, ती. ती जमिनीखालीही भिंतच असते आणि काही ठिकाणी भूजल अडवून वर आणते. अशा रांगेजवळ प्लॉट असेल तर विहिरीच्या पातळीची चौकशी दोन्ही अंगांना करा.

तापीकाठचे गणित वेगळे. चोपडा, यावल, रावेरकडे गाळाची जमीन खोल, खडक लवकर लागत नाही. भूजल इतके खाली गेले आहे की सहा फुटांची अट सहज पाळली जाते, आणि तिथले लोक म्हणतात आम्हाला चाचणीच कशाला. पण त्या गाळात पिवळ्या चिकणमातीचे जाड थर आहेत. शिरपूर पॅटर्न म्हणतात त्या जलसंधारणाच्या कामात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले खोल-रुंद केले ते हेच थर कापून खालच्या वाळू-गोट्यापर्यंत पाणी न्यायला. पावसाचे स्वच्छ पाणी जो थर अडवतो, तो तुमच्या टाकीचे पाणी कसे सोडेल? तिथे भोक कोणत्या थरात बसले यावर सगळे अवलंबून.

आता तुमच्या प्लॉटचे सगळ्यात अवघड. मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान १८ मीटर, म्हणजे ५९ फूट. तुमचा प्लॉट ३० बाय ५०. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरकी दोरी धरली तरी ५८ फूट भरते. म्हणजे बोअर मागच्या डाव्या कोपऱ्यात आणि खड्डा पुढच्या उजव्या कोपऱ्यात अगदी कुंपणाला चिकटून घेतला, तरी अंतर बसत नाही. शिवाय घरापासून ६ मीटर सोडायचे आहेत. ते सोडले तर घरच बांधता येणार नाही. हा ६ मीटरचा आकडा काळ्या मातीत नुसता कागदी समजू नका. पायाच्या एका बाजूची माती कायम ओली आणि दुसरी कोरडी राहिली की एक बाजू उचलते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके तडे जातात. ‘पाया कच्चा राहिला’ म्हणून गवंड्याला शिव्या बसतात, दोष शेजारच्या खड्ड्याचा असतो.

आणि एक, जे तुम्ही विचारलेले नाही पण कोणीतरी सुचवणारच: कोरड्या पडलेल्या जुन्या बोअरमध्ये टाकीचा ओव्हरफ्लो सोडणे. ‘एकदम झकास जाते, कधी भरत नाही.’ जाणारच. ते थेट तुमच्या आणि शेजाऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात जाते. बोअरला केसिंग, म्हणजे आतली नळी, वरच्या माती-मुरमापुरते असते, खाली दगडात भोक उघडेच. हे करणाऱ्याच्या घरी मी चहासुद्धा पीत नाही, आणि ते चहा चांगला नसतो म्हणून नव्हे.

मग तुम्ही काय करायचे? बोअरचेच पाणी प्यायचे असेल तर या प्लॉटवर शोषखड्डा नको, असे माझे सरळ मत आहे. मुरमाचा दर कितीही छान निघाला तरी. टाकी पाणबंद बांधा: दोन कप्पे, आतून गिलावा, पाणी भरून दोन दिवस पातळी पाहा. तिच्यापुढे खालून वर पाणी चढणारा खडीचा बंद फिल्टर, आणि त्यापुढे तळ-बाजू पक्क्या केलेला, खडी भरलेला कर्दळीचा वाफा. दाट चिकणमातीसाठी मानकही फिल्टरकडेच बोट दाखवते. आपल्या उन्हाळ्यात तो वाफा बरेचसे पाणी हवेत उडवेल. पावसाळ्यात उडवणार नाही, त्यामुळे जादा पाणी बाहेर काढायला वाट ठेवावी लागेलच. ती ग्रामपंचायतीशी बोलून आधी ठरवा, रस्त्यावर सोडून नंतर भांडू नका. निघालेले पाणी झाडांना चालेल, भाजीच्या वाफ्याला किंवा मेथी-कोथिंबिरीला नाही.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, पण त्यासाठी चार शेजारी एकत्र बसावे लागतात. ले-आउटच्या मोकळ्या जागेत सगळ्यांचे मिळून चर. तिथली जिरवण चाचणी पास झाली आणि सगळ्या बोअर-विहिरींपासून १८ मीटर सुटत असतील तरच. चर अर्धा ते एक मीटर खोल, ३० मीटरहून लांब नको, दोन चरांत १.८ मीटर अंतर. वरचा थर काळीचा असेल तर तिथेही हे जमणार नाही, ते आधी भोक घेऊन पाहा.

आज करण्यासारखे एकच काम आहे, आणि त्याला पाऊस लागत नाही. बोअरचे पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच मागा, घरच्या बाटलीत नेऊ नका. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल किंवा १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय सापडला, तर तुमचा खड्डा होण्याआधीच कुणाचा तरी खड्डा, गोठा किंवा शेतातले खत तुमच्या बोअरपर्यंत पोचले असण्याची शक्यता आहे. रिपोर्टवर तारीख पाहून घ्या आणि तो जपून ठेवा. दिवाळीनंतर पुन्हा तपासाल तेव्हा शेजारी ठेवायला लागेल.